गुडघ्यातली ‘जेली’ : कुणासाठी आशा, कुणासाठी नाही?

कोल्हापुरात गुडघेदुखी हा फक्त म्हातारपणाचा विषय नाही. खासबागेतला पैलवान असो की शाहू स्टेडियमवर पेठेतल्या तालमीसाठी खेळणारा फुटबॉलपटू, दोघांचीही मदार गुडघ्यावर. गुडघा मुरगळला की चार दिवस शेकायचा आणि पुन्हा मैदानात उतरायचं, हे अनेकांच्या अंगवळणी पडलेलं. पण अशा दुखापतीत कधी कधी कूर्चेचा तुकडा निघतो. मग शेकून भागत नाही.

कूर्चा म्हणजे सांध्यात हाडाच्या टोकावर असणारं गुळगुळीत, पांढरं आवरण. गुडघ्यात त्याची जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर. त्यात सुमारे ६५ ते ८० टक्के पाणी असतं. कोलॅजनच्या तंतूंची जाळी हे पाणी धरून ठेवते, म्हणून कूर्चा धक्के सोसते. मात्र तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि पेशीही विरळ असतात. त्यामुळे कातडीवरची जखम भरते, तशी कूर्चा भरून येत नाही. विल्यम हंटर या शल्यचिकित्सकाने १७४३ मध्येच हे नोंदवून ठेवलं होतं.

इथे हायड्रोजेल उपयोगी पडू शकतं. चायना ग्रासची जेली आठवा. पदार्थ चिमूटभर, पाणी भरपूर, तरी ती आकार धरून राहते. हायड्रोजेल तसंच असतं. १९६० मध्ये विख्टरले आणि लिम या चेक संशोधकांनी असा पदार्थ तयार केला आणि त्यातून पुढे मऊ कॉन्टॅक्ट लेन्स आल्या. आज समुद्री शेवाळातलं अल्जिनेट, जिलेटिन, हायलुरोनिक ॲसिड, रक्त गोठवणारं फायब्रिन यांपासून अशी जेल बनवतात. त्यात कूर्चेच्या पेशी मिसळायच्या, त्यांनी हळूहळू नवी कूर्चा विणायची आणि जेलने विरघळून जायचं, अशी ही कल्पना.

सांगायला सोपं, करायला अवघड. जेल मऊ ठेवलं तर शरीराचा भार पेलत नाही, घट्ट केलं तर पेशींची वाढ खुंटते. ते लवकर विरघळलं तर खड्डा उरतो, उशिरा विरघळलं तर नव्या कूर्चेला जागा मिळत नाही.

तरीही काही प्रमाणात हे उपचार रुग्णांपर्यंत पोचले आहेत. रुग्णाच्याच पेशी वाढवून गुडघ्यात बसवण्याचे पहिले निष्कर्ष १९९४ मध्ये स्वीडनमधून आले. भारतात मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेसच्या ‘कार्टिग्रो’ला २०१७ मध्ये औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. यात दुर्बिणीतून कूर्चेचा छोटा तुकडा काढतात, प्रयोगशाळेत काही आठवडे पेशी वाढवतात आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत फायब्रिन जेलमध्ये मिसळून खड्ड्यात भरतात. त्यानंतर अनेक महिने व्यायाम आणि संयम लागतो. कोल्हापुरातही डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात स्टेम सेल आणि रिजनरेटिव्ह मेडिसिनचा विभाग आहे.

पण हा उपचार तरुण वयातल्या, एकाच जागी झालेल्या इजेसाठी आहे. साठीतल्या आजींचा सगळा गुडघा झिजला असेल, तर जेलने तो नवा होत नाही. गुडघ्यात देतात ते ‘वंगणाचं इंजेक्शन’ही वेगळं. त्याने काहींना काही काळ आराम पडतो, कूर्चा उगवत नाही. गुडघ्यासाठी ‘स्टेम सेल’ उपचार विकणाऱ्यांपासूनही जपून राहावं. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण वगळता असे उपचार संशोधनाच्याच टप्प्यात आहेत आणि संशोधनात सहभागी रुग्णाकडून त्याचे पैसे घेता येत नाहीत.

म्हणून पैसे भरण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : माझी इजा एका जागची आहे की सगळा सांधा झिजलाय? या उपचाराला औषध नियंत्रकांची मान्यता आहे का? आणि माझ्या वयाच्या रुग्णांना त्याचा किती फायदा झालाय?

खेळताना गुडघा सुजला, अडकू लागला किंवा पाय टेकवेना, तर शेकत बसू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा. वेळेत सापडलेला छोटा खड्डा भरण्याची शक्यता असते. वर्षानुवर्षं अंगावर काढला, तर सगळा सांधाच हातचा जातो.