एक गाणे : तबकडीवरचे आणि रंगमंचावरचे

गाण्याचे खरे रूप कोणते, तबकडीवर मुद्रित झालेले की रसिकांसमोर उभे राहून गायिलेले, हा वाद आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्यांनी बालगंधर्वांचे पद नाट्यगृहात बसून ऐकले त्यांनी तबकडी ऐकून ‘हे ते नव्हे’ म्हणावे, आणि ज्यांच्या वाट्याला केवळ तबकडीच आली त्यांनी तिच्यावरच जीव ओवाळून टाकावा, हे आपल्या परिचयाचे आहे. पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात याच वादाला एका गाण्याने निराळे वळण दिले. ते गाणे म्हणजे इंग्लंडमधील ‘क्वीन’ या चौघांच्या संचाचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’. आमच्या तरुण वाचकांना ते मुखोद्गत असेल. वडीलधाऱ्यांनी निदान शेजारच्या खोलीतून ते ऐकले असेल. दोघांनीही क्षणभर एकत्र बसून विचार करावा असे त्यात काही आहे, म्हणून हा प्रपंच.

या गाण्याचा कर्ता फ्रेडी मर्क्युरी आपल्याला अगदीच परका नाही. त्याचे मूळ नाव फारूख बुलसारा. जन्म १९४६ साली झांझिबारला, एका पारशी कुटुंबात. बुलसारा हे आडनावच आपल्या गुजरातेतील वलसाडचे, म्हणजे जुन्या बुलसारचे, नाते सांगते. त्याचे शालेय शिक्षण पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले आणि तेथेच मित्रांच्या संचात तो पियानो वाजवू लागला. पुढे त्याने जे केले ते मात्र सर्वस्वी इंग्लंडच्या मातीतले.

गाणे मुळातच नाटकी वळणाचे आहे. एक तरुण आपल्या आईपाशी हत्येची कबुली देतो, येथून त्याचा आरंभ. संथ भावगीतासारखा पहिला भाग, मग गिटारचे एकल वादन, त्यानंतर इटालियन संगीतिकेच्या थाटाचा समूहगायनाचा कल्लोळ, पुढे रॉक संगीताचा आवेश आणि शेवटी पुन्हा शांतता. आपल्या गीतांत जसे ध्रुपद फिरून फिरून येते, तसे येथे काहीच नाही. एक प्रवेश संपला की पडदा सरकावा आणि दुसरा सुरू व्हावा, तसे हे गाणे पुढे सरकते. नभोवाणीवर तीनचार मिनिटांच्या गाण्यांची चलती असताना हे गाणे ५ मिनिटे ५५ सेकंदांचे होते. तरीही १९७५ च्या अखेरीस ते इंग्लंडमध्ये लागोपाठ नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले.

आता त्याच्या मुद्रणाकडे वळू. १९७५ च्या ऑगस्टमध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत कामास आरंभ झाला. निर्माता होता रॉय थॉमस बेकर. संगीतिकेच्या भागात आपल्याला शेकडो गायकांचा मेळा ऐकल्याचा भास होतो. प्रत्यक्षात गळे तीनच होते : मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. मे याचा आवाज खालच्या सप्तकात चाले, टेलरचा अतिशय उंच जाई आणि मर्क्युरी मधली जागा भरून काढी. तिघांनी एक ओळ गावी, ती २४ पट्ट्यांच्या फितीवर मुद्रित व्हावी, तिच्यावर पुन्हा तीच ओळ गावी, मग त्या साऱ्यांचे एकत्रीकरण करून मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा नवे थर चढवावेत, असे हे काम सुमारे तीन आठवडे चालले. फीत यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून ती आरपार दिसू लागली, असे या कलावंतांनीच पुढे सांगितले आहे.

साहजिकच प्रश्न उभा राहिला : हे रंगमंचावर गायचे कसे? तीन गळे एका वेळी तीनच सूर लावू शकतात. आरंभीच्या दौऱ्यांत त्यांनी गाण्याचे तुकडेच केले. भावगीताचा भाग दुसऱ्या गाण्यांना जोडून गायिला आणि अवघड भागाला बगल दिली. १९७७ च्या दौऱ्यापासून मात्र त्यांनी कायमची वाट शोधली. भावगीत आणि गिटारवादन रंगमंचावर होई. मग दिवे मंद होत, चौघेही रंगमंच सोडून जात आणि रिकाम्या मंचावर रंगीत प्रकाशाच्या खेळात मूळ ध्वनिफीत वाजे. ती संपताच आतषबाजीच्या लखलखाटात कलावंत परतत आणि रॉकचा भाग प्रत्यक्ष वाजवीत. १९७९ च्या ‘लाइव्ह किलर्स’ या तबकड्यांच्या जोडीवर हे रूप ऐकावयास मिळते.

येथे आपल्या नाट्यसंगीताशी तुलना केल्यावाचून राहवत नाही. आपल्याकडे पद जन्मले रंगमंचावर. तेथे ते ‘वन्समोअर’च्या गजरात हवे तेवढे फुलले आणि ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर येताना जेमतेम साडेतीन मिनिटांत मावण्यासाठी त्याला अंग चोरावे लागले. तेथे तबकडी हा प्रयोगाचा संक्षेप होता. या इंग्रजी गाण्याचे नेमके उलटे झाले. ते जन्मले यंत्रशाळेत, आणि रंगमंच हा त्याचा संक्षेप ठरला. तेव्हा ‘प्रत्यक्ष तेच खरे’ हा आपला जुना दंडक येथे लागू पडत नाही, हे वडीलधाऱ्यांनी मान्य करावयास हवे.

परंतु तरुणांनीही रंगमंचावरच्या रूपाला दुय्यम समजू नये. दौऱ्यांच्या ताणात मर्क्युरी अनेकदा उंच स्वर टाळून खालच्या स्वरांत ओळ वळवून घेई. ज्याच्या कानात तबकडी बसली आहे त्याला तेथे उणीव भासेल. पण त्या उणिवेच्या जागी श्रोत्यांचा आवाज येतो. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली क्रीडांगणावर दुष्काळग्रस्तांच्या साहाय्यार्थ झालेल्या ‘लाइव्ह एड’च्या सोहळ्यात त्यांनी या गाण्याचा केवळ पहिला भाग गायिला आणि संगीतिका येण्याआधीच दुसऱ्या गाण्याकडे वळले. गाणे अर्धेच झाले. तरी सत्तर हजारांचा समुदाय पहिल्या काही सुरांतच त्यांचा झाला होता. यंत्रशाळेत जे परिपूर्ण होते ते अशा वेळी जिवंत होते.

आम्हांला या साऱ्यात मोलाची वाटते ती त्या चौघांची सचोटी. फीत वाजत असताना समोर उभे राहून ओठ हलविणे त्यांना अशक्य नव्हते. या गाण्याच्या चित्रफितीत त्यांनी तसे केलेही. पण चित्रफीत ही मुद्रणाचीच बहीण, तेथे कोणाची फसगत नाही. तिकीट काढून आलेल्या श्रोत्यासमोर मात्र त्यांनी ते टाळले. ‘हे आम्ही आत्ता गात नाही, गाऊ शकत नाही’ हे त्यांनी रिकाम्या मंचाने सांगितले. आज गणेशोत्सवापासून गरब्यापर्यंतच्या कार्यक्रमांत मागे फीत लावून पुढे गाण्याचा आव आणणारे पाहिले म्हणजे त्या रिकाम्या मंचाची किंमत कळते. रंगमंचाने तबकडीची नक्कल करावी असे बंधन नाही. श्रोत्याशी खरे वागावे एवढेच आहे.

मर्क्युरीचे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी निधन झाले. त्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षांनी, २०१७ साली, लंडनच्या हाइड पार्कमध्ये दुसऱ्याच एका संचाच्या कार्यक्रमापूर्वी ध्वनिक्षेपकांवर ही तबकडी लागली. मंचावर कोणीही गात नव्हते. जमलेल्या सुमारे ६५ हजार लोकांनी गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटले, संगीतिकेच्या भागासकट. तीन गळ्यांनी तीन आठवडे खपून जो जनसमुदायाचा आभास निर्माण केला होता, तो खऱ्या जनसमुदायाच्या मुखातून उमटला. जे निर्मात्यांना रंगमंचावर कधी साधले नाही ते श्रोत्यांनी मैदानात साधले. त्या घटकेला तबकडी कोठे संपत होती आणि प्रत्यक्ष गायन कोठे सुरू होत होते, हे कोणी सांगावे?