गिझर मंदावतो, मोटार मात्र जळते

विजेचा दाब उतरला की घरातला गिझर पाणी तापवायला वेळ लावतो आणि शेतातली मोटार गरम होऊन जळते. दाब दोघांचाही कमी झालेला, मग एकाचं काम थंडावतं आणि दुसरी तापते, असं का? उत्तर शाळेत पाठ केलेल्या दोन साध्या सूत्रांत आहे.

गिझरच्या पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असं लिहिलेलं असतं. शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह. म्हणून २००० ला २३० नं भागलं की ८.७ अँपिअर येतात. सहा अँपिअरच्या प्लगला गिझर का लावायचा नाही, ते इथंच कळतं. आता दाबाला प्रवाहानं भागा: रोध निघाला सुमारे २६.५ ओहम. हे नातं गेऑर्ग ओहम या जर्मन शिक्षकानं १८२७ साली पुस्तकात मांडलं. मायदेशात तेव्हा त्याची फारशी कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीनं १८४१ मध्ये कोप्ली पदक दिलं.

गिझरच्या कॉइलचा रोध तापल्यावरही फारसा हलत नाही. दाब १८० वर आला की प्रवाह ६.८ अँपिअरवर येतो आणि शक्ती जेमतेम १२२५ वॅट उरते. दाब घटला बावीस टक्के, शक्ती मात्र एकोणचाळीस, कारण दाबाबरोबर प्रवाहही घटला. बिल वाचेल या भ्रमात राहू नये. तेवढं पाणी तेवढंच तापवायला ऊर्जा तेवढीच लागते, फक्त वेळ दीडपटीहून जास्त.

मोटारीला ही सवलत नाही. विहिरीतलं पाणी त्याच उंचीवर चढवायचं असतं. दाब पडला की ती थोडी मंदावते, पण कामाची तूट जास्त प्रवाह ओढून भरून काढते. वायंडिंगमधली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पाच एचपीची थ्री-फेज मोटार एरवी सात-साडेसात अँपिअर घेते. प्रवाह वीस टक्के वाढला तर उष्णता चव्वेचाळीस टक्क्यांनी वाढते.

मुळात दाब का पडतो? तारेलाही रोध असतो. तारेचा रोध एक ओहम आणि प्रवाह दहा अँपिअर असेल, तर दहा व्होल्ट वाटेतच गेले. त्यात लाइट आल्याबरोबर ऑटोस्विचमुळे एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, आणि सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. महावितरण ऑटोस्विच काढा, कपॅसिटर लावा म्हणून सांगत असतं ते यासाठीच.

कपॅसिटरमागे वर दिलेल्या गुणाकाराची एक मर्यादा आहे. गिझरला तो चपखल बसतो. मोटारीत प्रवाहाचा काही भाग काम न करता फक्त चुंबकीय क्षेत्र उभं करण्यासाठी येतो आणि जातो. म्हणून टाँग टेस्टरवर दिसलेल्या अँपिअरला दाबानं गुणून खरे वॅट मिळत नाहीत, पॉवर फॅक्टरनंही गुणावं लागतं. (थ्री-फेजला शिवाय १.७३ नं.) हा बिनकामाचा प्रवाह कपॅसिटर मोटारीजवळच पुरवतो, तारेवरचा भार हलका होतो आणि दाब थोडा सावरतो.

प्रवाह मर्यादेबाहेर गेला की मोटार बंद करायला स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असतो. तो सारखा पडतो म्हणून त्याचं सेटिंग वर सरकवून ठेवतात, आणि मग मोटार रिवाइंडिंगला जाते.