सोळा इंची नळीत कोणतं काडतूस?

स्कॉटलंडमध्ये हरणांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. त्यांना आवरणारे लांडगे तिथून केव्हाच नाहीसे झाले. हरणं कोवळी रोपं खाऊन टाकतात आणि जंगल पुन्हा वाढत नाही, म्हणून दरवर्षी बरीच हरणं मारावी लागतात. हे काम करणाऱ्यांच्या रायफलीवर हल्ली बहुधा आवाज कमी करणारा मॉडरेटर असतो. चोवीस इंची नळीपुढे तो आणखी काही इंच लावला की रायफल झाडीत, गाडीत, मचाणावर अडते. त्यामुळे सोळा ते वीस इंचांची आखूड नळी तिथे सर्रास दिसू लागली. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली आणि हा विषय आपल्या बोलण्यातूनही गेला. मात्र परदेशात रीतसर परवाना काढून बंदूक हाती घेणाऱ्या मराठी माणसाच्या कानावर आखूड नळीबद्दल जे ऐकीव ज्ञान पडतं, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं. त्याची किंमत जनावर मोजतं, म्हणून हे नीट समजून घेतलं पाहिजे.

सगळ्यात मोठा गैरसमज काडतुसाच्या पेटीवरच छापलेला असतो. पेटीवरचा वेग म्हणजे आपल्या रायफलीचा वेग, असं गृहीत धरलं जातं. तो आकडा बहुतेक वेळा चोवीस इंची चाचणी-नळीतून मोजलेला असतो. .२४३ विंचेस्टर हे १९५५ सालचं, ब्रिटनमध्ये फार लोकप्रिय काडतूस घेऊ. १०० ग्रेनची गोळी, पेटीवर वेग २,९६० फूट प्रति सेकंद. गोळीची ऊर्जा काढायची तर ग्रेनमधल्या वजनाला वेगाच्या वर्गाने गुणायचं आणि ४,५०,२४० ने भागायचं. उत्तर येतं सुमारे १,९४५ फूट-पाउंड. स्कॉटलंडमध्ये रेड डिअरसारख्या मोठ्या हरणासाठी नळीच्या तोंडाशी किमान १,७५० फूट-पाउंड लागतात, इंग्लंडमध्ये १,७००. कागदावर सगळं ठीक.

आता नळी सोळा इंची करा. या काडतुसात इंचामागे साधारण २५ ते ३० फूट वेग कमी होतो. आठ इंचांत दोनशेच्या वर गेले, उरले २,७४० च्या आसपास. पुन्हा गणित केलं की ऊर्जा १,६७० च्याही खाली येते. तेच काडतूस, तीच गोळी, पण दोन्ही देशांत मोठ्या हरणासाठी बेकायदा. इंग्लंडची अट पुरी करायला १०० ग्रेनच्या गोळीला सुमारे २,७६७ फूट वेग हवा, स्कॉटलंडची पुरी करायला सुमारे २,८०७. वीस इंची नळीत .२४३ कसंबसं पास होतं, सोळा इंचीत नापास होण्याचीच शक्यता जास्त. प्रत्येक नळी थोडी वेगळी असते, त्यामुळे अंदाजावर विसंबू नये. क्रोनोग्राफ हे वेग मोजण्याचं यंत्र आहे. चांदमारीवर ते समोर मांडून, आपल्याच रायफलीतून, आपल्याच पेटीतल्या गोळ्या झाडून मोजल्याशिवाय हा प्रश्न सुटत नाही.

दुसरं ऐकीव ज्ञान काडतुसातल्या दारूबद्दलचं. आखूड नळीत दारू पुरती जळत नाही, म्हणून लवकर जळणारी दारू वापरा, असं सांगतात. तोंडाशी दिसणारा भडका हा त्याचा पुरावा मानला जातो. खरं म्हणजे जी दारू जळायची ती बहुतेक पहिल्या काही इंचांतच जळते. पुढची नळी तापलेल्या वायूला पसरायला आणि गोळीला ढकलत राहायला असते. भडका मुख्यतः त्या वायूचा असतो. त्यातले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन मिळताच पेट घेतात. म्हणूनच जी दारू लांब नळीत सर्वाधिक वेग देते, तीच सहसा आखूड नळीतही देते.

आखूड नळीचा नेम चुकतो, हा समज जुन्या काळातला आहे. उघड्या माशीवरून नेम धरायचा तेव्हा दोन माश्यांमधलं अंतर कमी झालं की नजरेची चूक वाढायची. आज वर दुर्बीण असते. उलट आखूड नळी जाडीच्या मानाने ताठ असते आणि कमी थरथरते. आवाज मात्र खरोखर वाढतो. वायू जास्त दाबाने बाहेर पडतो आणि नळीचं तोंड कानाच्या जवळ येतं. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज कानाला कायमची इजा करू शकतो आणि रायफलीचा आवाज त्याहून बराच मोठा असतो. मॉडरेटर लावला तरी कानावर संरक्षण हवंच.

आता ज्या गैरसमजाने जनावराचे हाल होतात, त्याच्याकडे येऊ. नळी आखूड झाली, वेग गेला, तर हलकी आणि अधिक वेगवान गोळी घेऊन तो भरून काढावा, असा सल्ला मिळतो. कोल्ह्यांसाठी बनवलेल्या हलक्या गोळ्या लागताक्षणी फुटून चुरा व्हाव्यात अशाच घडवलेल्या असतात. रो डिअरसारख्या लहान हरणाच्या खांद्याच्या हाडावर अशी गोळी लागली तर ती वरवर मोठी जखम करून थांबू शकते. हरीण पळतं आणि कुठेतरी झुडपात तासन्‌तास तडफडतं. हरणासाठी फुलणारी पण एकसंध राहून आत खोल जाणारी गोळीच हवी. अशा कित्येक गोळ्या साधारण १,८०० ते २,००० फूट वेगाच्या खाली नीट फुलत नाहीत. त्यामुळे आखूड नळीत कमी होतो तो मुख्यतः पल्ला. ते मान्य करून जवळ जाऊन मारावं, हेच मला योग्य वाटतं.

तांब्याच्या शिसेविरहित गोळ्यांनी गणित आणखी बदललं. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवायला नळीच्या आतले आटे जास्त पिळाचे लागतात. या गोळ्यांना वाट मिळावी म्हणून स्कॉटलंडने २०२३ मध्ये मोठ्या हरणासाठी गोळीचं किमान वजन १०० वरून ८० ग्रेनवर आणलं, पण ऊर्जेची अट कायम ठेवली. ८० ग्रेनच्या गोळीला १,७५० गाठायला जवळपास ३,१४० फूट वेग लागतो. सोळा इंची .२४३ इथेही काठावरच राहते.

.२२३ रेमिंग्टन या लहान काडतुसाची गोष्ट निराळी. स्कॉटलंडमध्ये रो डिअरसाठी किमान ५० ग्रेनची गोळी, २,४५० फूट वेग आणि १,००० फूट-पाउंड एवढी अट आहे. ५५ ग्रेनला त्यासाठी सुमारे २,८६० फूट लागतात आणि सोळा इंची नळीतून ते सहसा मिळतात. सीमा ओलांडून इंग्लंडमध्ये गेलं की तीच रायफल रो डिअरवर चालवता येत नाही, कारण तिथे किमान व्यास .२४० इंच. जर्मनीत रो डिअरला १०० मीटरवर १,००० ज्यूल पुरतात, पण रानडुकराला किमान ६.५ मिमी व्यास आणि २,००० ज्यूल हवेत.

.२२-२५० हे काडतूस आखूड नळीत .२२३ एवढंच होतं, हेही खरं नाही. ते पुढेच राहतं, फक्त जवळजवळ दीडपट दारू जाळून आणि त्या मानाने जास्त भडका व आवाज करून. रो डिअरसाठी तेवढी गरज नसते. लष्करी ५.५६ मिमी आणि .२२३ ही काडतुसं वरून सारखी दिसतात. पण .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ झाडलं तर दाब धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतो. ते टाळायचंच.

सोळा इंचच हवे असतील आणि मोठं हरीण मारायचं असेल, तर मी .२४३ चा हट्ट सोडून ६.५ क्रीडमूर घेईन. १४३ ग्रेनची गोळी तेवढ्या नळीतून २,५०० फुटांच्या आसपास निघाली तरी ऊर्जा १,९८० च्या पुढे राहते आणि धक्का खांद्याला सोसतो. .२४३ आधीच घरात असेल तर नळी वीस इंचांच्या खाली कापू नये. ब्रिटनमध्ये पोलिसांच्या परवान्यावर कॅलिबर लिहिलेलं असतं आणि ते बदलायला पुन्हा अर्ज करावा लागतो. त्यामुळे हे गणित दुकानात जाण्याआधी करावं.