चित्रातील उसनी प्रतिमा

परभाषेतून आलेल्या शब्दाला आपण उसना म्हणतो खरे. पण तो परत कोणी करीत नाही. चित्रकलेतही असेच घडते. श्रीपूरनजीकच्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवून उदरनिर्वाह केला. तेथे लोकप्रिय प्रतिमा ही त्यांची मजुरी होती. अतुल दोडिया यांच्या ‘बॉम्बे बकनियर’ (१९९४) या चित्रात मात्र ती अवतरण म्हणून येते. ‘बाजीगर’च्या भित्तिपत्रकातील नायकाच्या जागी स्वतः चित्रकार, आणि काळ्या चष्म्याच्या भिंगांत नायिकांऐवजी डेव्हिड हॉकनी व भूपेन खक्कर! वाक्यरचना बाजारातली, कर्ता व कर्म तेवढे बदलले आहेत. यास उचलेगिरी म्हणणारा टीकाकार, माझ्या मते, अवतरणचिन्हे वाचावयास विसरतो. मूळ भित्तिपत्रक न पाहिलेल्या प्रेक्षकास मात्र हे केवळ एक आत्मचित्र वाटेल.