विश्लेषण : कडाक्याच्या थंडीत घरच्या घरी मासे पाळणे परवडते का?

हिमाचल प्रदेशातील कुलू, काश्मीरमधील अनंतनाग किंवा सिक्कीमच्या डोंगराळ गावांत अनेक कुटुंबे घरालगतच्या सिमेंटच्या अरुंद हौदांत खाण्यासाठी आणि विक्रीसाठी मासे वाढवतात. युरोप, अमेरिकेतील थंड भागांतही तळघरात, गॅरेजमध्ये किंवा परसात टाक्या ठेवून असे प्रयोग केले जातात. त्यातील काही वर्षानुवर्षे चालतात, तर काही पहिल्याच हिवाळ्यात बंद पडतात. हा फरक का पडतो, थंड पाण्यात कोणता मासा वाढतो आणि घरच्या माशाचा खरा खर्च किती, याविषयी…

थंडीत माशाचे काय होते?

मासा शीतरक्ती प्राणी आहे. पाण्याचे तापमान तेच त्याच्या शरीराचे तापमान. पाणी थंड झाले की पचन मंदावते, भूक कमी होते आणि वाढ थांबते. मात्र प्रत्येक जातीची मर्यादा वेगळी असते. तिलापियाला २७ ते ३० अंश सेल्सियस पाणी मानवते. १६-१७ अंशांखाली तो खाणे जवळपास सोडतो आणि १०-१२ अंशांच्या आसपास मरू लागतो. सायप्रिनस म्हणजेच कॉमन कार्प मासा ४ अंशांच्या पाण्यातही तग धरतो, पण त्याची खरी वाढ २० अंशांच्या वरच होते. रेनबो ट्राउटचे गणित उलटे आहे. त्याला १० ते १६ अंश पाणी सर्वांत अनुकूल असते. २० अंशांच्या वर त्याला त्रास होतो आणि २५ अंशांच्या आसपास तो दगावतो.

पाणी गरम करून उष्ण प्रदेशातील मासा वाढवता येईल का?

शक्य आहे, पण परवडत नाही. एक हजार लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे १.१६ युनिट वीज लागते. १० अंशांचे पाणी तिलापियासाठी २८ अंशांवर नेायचे तर पहिल्याच वेळी जवळपास २१ युनिट खर्च होतात. त्यानंतर टाकीच्या भिंतींतून आणि पृष्ठभागावरून उष्णता सतत निघून जाते. रोज १०० लिटर पाणी बदलले, तरी तेवढेच गरम करायला दररोज दोन युनिटांहून अधिक वीज लागते. हीटर बंद पडला तर कडक थंडीत एक-दोन दिवसांत सगळे मासे जाऊ शकतात. त्यामुळे थंड प्रदेशात माशासाठी पाणी बदलण्याऐवजी पाण्याला साजेसा मासा निवडणे, हाच टिकणारा मार्ग ठरला आहे.

हिमालयात हे कसे जमले?

ट्राउट मूळचा भारतीय मासा नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काश्मीर आणि कुलूच्या नद्यांत गळाने मासेमारीच्या हौसेसाठी तो आणला. पुढे १९८०च्या दशकात कोकरनाग (काश्मीर) येथे युरोपीय मदतीने आणि पतलीकुहल (कुलू) येथे नॉर्वेच्या सहकार्याने त्याच्या व्यावसायिक पालनाला चालना मिळाली. भीमताल येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची शीतजल मत्स्य संशोधन संस्था आहे. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत (२०२०) सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ६० टक्के अर्थसाह्याची तरतूद करण्यात आली.

या पद्धतीचा गाभा म्हणजे ‘रेसवे’. साधारण १५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद अशा सिमेंटच्या हौदात ओढ्याचे किंवा झऱ्याचे पाणी एका टोकाने येते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर जाते. पाणी उतारावरून आपोआप वाहत असल्याने पंप लागत नाही. वाहते पाणी ऑक्सिजन आणते आणि घाण सोबत नेते. मत्स्यबीजापासून साधारण पाव किलोचा मासा तयार व्हायला सुमारे एक वर्ष लागते.

घरातील टाकीत काय वेगळे करावे लागते?

टाकीतील पाणी वाहून जात नसल्याने ओढ्याची दोन्ही कामे यंत्रांकडून करून घ्यावी लागतात. पहिले काम ऑक्सिजनचे. थंड पाणी येथे साथ देते. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, ३० अंशांना तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. मात्र ट्राउटला किमान ६ मिलिग्रॅम लागतो आणि दाटीच्या टाकीत मासे तो झपाट्याने संपवतात. वीज गेल्यावर तासाभरातही मासे मरू शकतात. त्यामुळे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही चैन नसून गरज आहे.

दुसरे काम अमोनियाचे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. एक किलो प्रथिनयुक्त खाद्यामागे साधारण ३० ते ४० ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येते. गाळण यंत्रातील जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पण थंडीत हे जिवाणूही सुस्तावतात. उबदार पाण्यात महिन्याभरात तयार होणारे गाळण थंड पाण्यात त्याहून बराच अधिक वेळ घेते. नवी टाकी भरून लगेच मासे सोडणारे येथेच फसतात. गाळण आधी तयार करणे, सुरुवातीला मोजके मासे सोडणे आणि अमोनियाची नियमित चाचणी करणे, हाच उपाय आहे.

ट्राउट उड्या मारतो, म्हणून टाकीवर जाळी लागते. मोठे मासे लहानांना खातात, म्हणून आकारानुसार त्यांना वेगळे करावे लागते. जिथे उन्हाळा कडक असतो, तिथे शरद ऋतूत मोठी बोटुकली सोडून उन्हाळ्याआधी मासे काढून घेतले जातात.

उघड्या तळ्यावर बर्फ साचला तर?

पाण्याची घनता ४ अंशांना सर्वाधिक असते. त्यामुळे वर बर्फ असला तरी खोल तळ्याच्या तळाशी ४ अंशांच्या आसपासचे पाणी राहते आणि मासे तिथे हिवाळा काढतात. खरा धोका गुदमरण्याचा असतो. बर्फावर हिमाचा थर साचला की प्रकाश आत जात नाही, पाणवनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत आणि कुजणारा गाळ असलेला ऑक्सिजन संपवतो. म्हणून पृष्ठभागाचा थोडा भाग मोकळा ठेवावा लागतो. त्यासाठी हवेचा पंप तळाशी न ठेवता उथळ भागात ठेवतात, नाहीतर तळाचे तुलनेने उबदार पाणी ढवळले जाऊन थंड होते. या काळात खाद्यही जवळजवळ बंद करतात. न खाल्लेले खाद्य कुजून ऑक्सिजन आणखी घटतो.

चेक प्रजासत्ताकातील त्रेबोन भागात शतकानुशतके अशा तळ्यांत कार्प पाळला जातो. तेथील रोझम्बर्क तलाव १५८४ ते १५९० या काळात बांधला गेला. नाताळच्या जेवणातील हा मासा तयार व्हायला तीन ते चार उन्हाळे लागतात. थंड हवामानात कार्पपालन करायचे तर एवढा धीर धरावा लागतो.

खर्चाचा हिशेब काय सांगतो?

एक हजार लिटरच्या टाकीत नवख्याने १५ किलोपेक्षा जास्त वजनाचे मासे ठेवू नयेत, म्हणजे पाव किलोचे सुमारे ६०. ट्राउटला एक किलो वजन वाढवायला साधारण १.३ किलो खाद्य लागते, म्हणजे एकूण २० किलो. हे खाद्य ४० टक्क्यांहून अधिक प्रथिनांचे, म्हणून महाग असते. पाणी फिरवणारे आणि हवा देणारे पंप मिळून ६० वॉट धरले, तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट वीज लागते. म्हणजे किलोमागे ३५ युनिट. बोटुकली, चाचण्या आणि मेहनत वेगळीच. त्यामुळे बंद टाकीतील मासा बाजारापेक्षा स्वस्त पडेल, ही अपेक्षा बहुतेक वेळा फोल ठरते. ताजा मासा आणि त्याने काय खाल्ले याची खात्री, हा त्यातील खरा लाभ. उतारावरून वाहणारे थंड पाणी ज्यांच्या दारात आहे, त्यांचा हिशेब मात्र पूर्ण बदलतो.

धोके कोणते?

वाहत्या पाण्याचा आधार हाच डोंगरातील मोठा धोकाही आहे. जुलै २०२३ मधील पुराने कुलू परिसरातील ट्राउट फार्मचे मोठे नुकसान केले. पूर हौदापर्यंत आला नाही, तरी गढूळ पाण्यातील गाळ कल्ल्यांत अडकतो. दुसरा धोका पर्यावरणाचा. रेनबो ट्राउट, ब्राऊन ट्राउट आणि कॉमन कार्प हे तिन्ही जगातील १०० अत्यंत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत आहेत. टाकीतील मासे ओढ्यात सुटले तर स्थानिक जाती संकटात येतात. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या वाटेवर जाळी हवीच. अनेक ठिकाणी परवानगीही घ्यावी लागते.

महाराष्ट्रासाठी यात काय?

परदेशातील टाक्यांचे व्हिडीओ पाहून राज्यातही असे प्रयोग करण्याचा मोह होतो. पण येथील पाणी बहुतांश काळ २५ अंशांच्या आसपास किंवा वर असते. ट्राउटसाठी पाणी थंड करणे हे कुलूत तिलापियासाठी पाणी तापवण्याइतकेच खर्चिक. येथे रोहू, कटला, मृगळ हेच सोयीचे. टाकी विकत घेण्याआधी थर्मामीटर घेऊन वर्षभर पाण्याचे तापमान नोंदवणे, ही सर्वांत स्वस्त गुंतवणूक ठरते.