कुत्रा चावला : मदत नको, भरपाई हवी

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी विहारातील वंदना आटोपली आणि एक भगिनी लंगडत आमच्याजवळ आल्या. पोटरीला फडके गुंडाळलेले. चार घरची धुणीभांडी करून त्या संसार ओढतात. आदल्या दिवशी कामाच्या बंगल्यात पाळलेला कुत्रा मोकळा सोडलेला होता, त्याने पोटरी धरली. मालकीणबाईंनी पाचशेची नोट हातावर ठेवली आणि 'बरं वाटलं की ये' म्हणून सांगितले. शेजारणीने जखमेत हळद-चुना भरला. "दादा, तक्रार केली तर काम जाईल," एवढेच त्या बोलल्या.

अशा कितीतरी भगिनी आपल्या वस्त्यांत आहेत. म्हणून हा विषय घराघरात बोलला गेला पाहिजे.

आधी जीव, मग कायदा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. चावा बसताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. लगेच सरकारी रुग्णालय गाठावे. पोटातील चौदा इंजेक्शनांची भीती आता धरू नका. लस आता दंडात देतात. पहिल्या डोसाचा दिवस शून्य धरून पुढे ३, ७ आणि २८ व्या दिवशी ती घ्यायची असते; काही ठिकाणी १४ व्या दिवशीही देतात. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही द्यावे लागते. डॉक्टरांनी दिलेली एकही तारीख चुकवू नका.

पाळलेला कुत्रा असेल तर

आपल्या ताब्यातील जनावरापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका होऊ नये, याची काळजी घेणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे यात हयगय करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तो नोंदवून घ्यावा लागतो. मात्र दंडाची रक्कम सरकारजमा होते. औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि सोसलेल्या वेदना यांची भरपाई मिळवण्यासाठी मालकावर दिवाणी दावा लावता येतो.

भटका कुत्रा असेल तर

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. केरळातील दाव्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली न्यायमूर्ती सिरी जगन यांची समिती नेमली. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने तर हिशेबच घालून दिला : दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १० हजार रुपये, आणि मांस निघाले असेल तर जखमेच्या दर ०.२ सेंटिमीटरमागे किमान २० हजार. पैसे आधी शासनाने द्यायचे आणि मग ज्याची चूक त्याच्याकडून वसूल करायचे. हा निकाल महाराष्ट्राला आपोआप लागू होत नाही, पण आपल्या वकिलाला तो न्यायालयापुढे ठेवता येतो.

कागद जपा

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कागदाशिवाय हक्क उभा राहत नाही, हे रोज पाहतो. तेव्हा एवढे कराच : रुग्णालयाचा केसपेपर आणि लसीचे कार्ड जपून ठेवा. 'कुत्रा चावला' हे शब्द आणि जखमेचे माप डॉक्टरांकडून लिहून घ्या. पहिल्याच दिवशी जखमेचा फोटो काढा. कुत्रा कोणाचा, चावा कोठे व किती वाजता, पाहणारे कोण, हे टिपून ठेवा. रिक्षाभाडे, औषधांची बिले, बुडालेले खाडे यांचा हिशेब लिहा. पालिकेला अर्ज दिलात तर आवक विभागाचा शिक्का व क्रमांक असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पालिकेवर दावा लावण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि त्याला मुदतही असते, म्हणून वकिलाकडे लवकर जा.

वकिलाची फी कोठून आणायची? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि बालके यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्या बांधवांनाही हा लाभ आहे. जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, नाहीतर १५१०० या क्रमांकावर फोन करा.

आता त्या भगिनींची गोष्ट. त्यांना आम्ही त्याच दिवशी रुग्णालयात नेले. चारही डोस वेळेवर झाले. मग खर्चाचा आणि बारा दिवसांच्या मजुरीचा तक्ता लिहून आम्ही दोघे कार्यकर्ते त्यांच्यासोबत बंगल्यावर गेलो. मालकांनी पैसे द्यायचे कबूल केले आणि स्वतः पावती लिहिली : 'मदत म्हणून दिले.' भगिनींनी ती वाचायला सांगितली, ऐकली, आणि परत केली. म्हणाल्या, "साहेब, मदत नाही. नुकसान झालं, त्याची भरपाई लिहा." क्षणभर कोणी बोलले नाही. मालकांनी पावती बदलली. मगच त्यांनी सही केली. काम गेले नाही. कुत्रा आता त्यांच्या वेळेला बांधलेला असतो.

आमचे भांडण मुक्या जनावराशी नाही. तथागतांची करुणा सर्व प्राणिमात्रांसाठी आहे. कुत्र्याला दगड मारून किंवा विष घालून प्रश्न सुटत नाही. भांडण आहे ते जबाबदारी झटकणाऱ्या माणसांशी. ज्या चवदार तळ्यावर गुराढोरांना, कुत्र्यामांजरांना मज्जाव नव्हता, तेथे आपल्या माणसांना होता. बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी त्या पाण्याला हात लावला, तो दया मागण्यासाठी नव्हे. हातावर ठेवलेली नोट घेऊन गप्प बसणे आपल्याला शोभत नाही. जखम धुवा, लस घ्या, कागद जपा आणि हक्काचे मागा.

जयभीम!