गटप्रकल्पातील चित्रफितीचे मूल्यमापन आणि वैयक्तिक श्रेय

माध्यम अभ्यासाच्या अध्यापनात गटाने मिळून लघुचित्रफीत तयार करणे हा महत्त्वाचा प्रात्यक्षिक घटक होय. चित्रफीत एक, परंतु गुणपत्रिका प्रत्येकाची स्वतंत्र. येथेच मूल्यमापनाचा प्रश्न निर्माण होतो. सरसकट समान गुण दिल्यास रात्र जागून संकलन करणारा विद्यार्थी आणि केवळ श्रेयनामावलीत नाव असलेला विद्यार्थी एकाच पंक्तीत बसतात.

दोर ओढणाऱ्यांची संख्या वाढली की प्रत्येकाचे सरासरी बळ घटते, हे फ्रान्समधील माक्स रिंगेलमान यांच्या १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसले. या घटीत समन्वयाच्या अभावाबरोबर प्रयत्नातील शैथिल्यही असते, हे लाताने, विल्यम्स व हार्किन्स यांनी अमेरिकेत १९७९ मध्ये दाखविले. आपला वाटा ओळखता येणार आहे, हे समजताच शैथिल्य ओसरते, असे त्यांच्या १९८१ च्या संशोधनात आढळले.

यास्तव मूल्यमापनाचे दोन भाग असावेत. पहिल्यात संहिता, छायाचित्रण, ध्वनी व संकलन या निकषांवर चित्रफितीची पारख व्हावी. दुसऱ्यात प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या कामाची नोंद प्रपत्रात गोपनीय रीतीने करावी. गुण जाहीर होण्यापूर्वीच प्रपत्रे भरून घ्यावीत, अन्यथा मतांवर निकालाची छाया पडते. मैत्री वा रुसवा यांमुळे नोंदी एका बाजूस कलू शकतात. म्हणून संहितेचे मसुदे व संकलनाच्या नोंदी पडताळून अंतिम निर्णय शिक्षकाने घ्यावा. प्रपत्राचा नमुना प्रकल्पाच्या आरंभीच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. शेवटी दिलेल्या प्रपत्राने कामचुकारपणाची नोंद होते, तो टळत नाही.